स्पीकरमधली गुणगुण: कम्प्युटर ऑडिओतला विजेचा आवाज शोधून काढण्याची रीत

लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर कम्प्युटरला जोडणारा डबा), दोन पॉवर्ड स्पीकर (आतच अँप्लिफायर असलेले) आणि एक माइक. पॉडकास्ट, ऑडिओबुक, ऑनलाइन तबल्याचा क्लास, सगळं एवढ्यावर चालतं. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज यायला लागला की बहुतेक जण आधी महागडी केबल आणतात, मग वायरीवर फेराइटचा मणी (चुंबकी पदार्थाचं कडं) चढवतात, शेवटी स्टॅबिलायझर घेतात. तिन्हीत पैसे जातात आणि घुंऽऽ तिथंच राहतो, कारण तो आवाज कुठल्या वाटेनं आत येतो हे कुणी बघितलेलंच नसतं. ती वाट अर्ध्या तासात सापडते. त्यासाठी एक साधा मल्टीमीटर, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आणि थोडा धीर एवढंच लागतं.

आधी कान द्या

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. खोल, गुळगुळीत, पोटात जाणवणारी गुणगुण असेल तर ती ५० हर्ट्‌झची हम. तिचं मूळ बहुधा अर्थिंगच्या वाटेत किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रात असतं. तीच गुणगुण जरा खरबरीत, भुंग्यासारखी झाली की तिच्यात १००, १५०, २०० हर्ट्‌झचे वरचे सूर मिसळलेले असतात. हे काम पंख्याच्या रेग्युलेटरचं, एलईडीच्या ड्रायव्हरचं किंवा चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचं.

माउस हलवला, पान वरखाली सरकवलं की कीर्रऽ, चिर्रऽ असा बारीक आवाज येतो, तो कम्प्युटरच्या पोटातून येतो. त्यातच अगदी स्थिर शिट्टी ऐकू आली तर ती बहुधा १००० किंवा ८००० हर्ट्‌झची असते. यूएसबी हे माहितीचे गठ्ठे सेकंदाला हजार वेळा, आणि हाय-स्पीडवर आठ हजार वेळा पाठवतं, त्याचा तो ठेका. टिर्र-टिट-टिर्र असा अधूनमधून येणारा आवाज टू-जी नेटवर्कवरच्या मोबाइलचा. त्याचा मूळ ठेका २१७ हर्ट्‌झचा. आणि पाऊस लांबून ऐकावा तशी नुसती सळसळ असेल तर तो विजेचा दोष नव्हे. त्याबद्दल शेवटी.

कानावर भरवसा नसेल तर ऑडॅसिटीत ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करा, सगळी निवडा आणि विश्लेषणाच्या मेनूतून स्पेक्ट्रमचा आलेख काढा. साइझ ६५५३६ ठेवा, ४४.१ किलोहर्ट्‌झवर त्यानं दोन बिंदूंमधलं अंतर ०.७ हर्ट्‌झच्या आत येतं, म्हणजे ५० चा सुळका आणि ४७ चा सुळका वेगळे दिसतात. आलेखात ५० चा सुळका एकटाच उंच असेल तर एक गोष्ट, १०० पासून वर कंगवा दिसत असेल तर दुसरी. हा आलेख जपून ठेवा. प्रत्येक बदलानंतर इंटरफेसचा गेन (सिग्नल किती वाढवायचा त्याचं बटण) तोच ठेवून पुन्हा काढायचा आहे, नाहीतर फरक पडला की पडल्यासारखा वाटला हे कळणार नाही.

एकेक वायर सोडवत जा

हम स्पीकरमधून येत असेल तर हा क्रम मोडू नका. आणि प्रत्येक वेळी जॅक काढण्याआधी स्पीकरचा आवाज शून्यावर आणा, नाहीतर धडाम् आवाजानं ट्विटर (स्पीकरमधला बारीक सूर वाजवणारा भाग) जायचा.

१. स्पीकरला फक्त वीज ठेवा, मागची ऑडिओ केबल काढा. तरीही हम आली तर दोष स्पीकरच्याच पॉवर सप्लायमध्ये आहे, बहुधा सुकलेला फिल्टर कपॅसिटर. तो दुरुस्तीला द्या. पुढचं काहीही करून उपयोग नाही.

२. केबल स्पीकरला लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा. थोडी हम येणं साहजिक आहे. त्या टोकाच्या टिप (जॅकचं टोक) आणि स्लीव्हला (जॅकचा मागचा दांडा) तारेच्या तुकड्यानं जोडा. हम गेली पाहिजे. नाही गेली तर केबलचं शील्ड (आतल्या वायरीभोवतीचं धातूचं वेष्टण) आत कुठंतरी तुटलंय.

३. केबल इंटरफेसला लावा, पण इंटरफेसची यूएसबी काढून ठेवा. अजून शांत असेल तर पुढं.

४. यूएसबी लॅपटॉपला लावा, लॅपटॉप बॅटरीवर. लॅनची वायर, एचडीएमआय मॉनिटर, प्रिंटर सगळं काढलेलं.

५. आता लॅपटॉपचा चार्जर लावा. बहुतेक घरांत हम नेमकी इथं प्रकट होते.

६. मग मॉनिटर, लॅन, प्रिंटर एकेक करून. टीव्हीला एचडीएमआय जोडलेली असेल आणि टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला केबलवाल्याची वायर असेल, तर ती वायर खास तपासा. तिचं शील्ड इमारतीच्या गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीवरून येतं आणि सोबत तिथला विद्युतदाबही आणतं.

ज्या पायरीवर आवाज आला, तिथं जोडलेली शेवटची वायर ही वाट. वायर स्वतः दोषी असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती फक्त वर्तुळ पुरं करते.

वर्तुळ म्हणजे नेमकं काय

लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर एका सॉकेटमध्ये, स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. दोघांच्या अर्थिंगच्या वायरी भिंतीतून वेगवेगळ्या वाटांनी मेन बोर्डाकडे जातात. त्या वायरींतून थोडीफार गळती सतत वाहत असते, फ्रिजची, वॉशिंग मशीनची, प्रत्येक चार्जरमधल्या फिल्टरची. शिवाय या मोठ्या वेटोळ्यातून आसपासच्या वायरींचं चुंबकी क्षेत्र जातं आणि त्यात दाब निर्माण करतं. परिणाम असा की दोन सॉकेटच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो. तुम्ही ऑडिओ केबल जोडली की तिच्या शील्डनं ही दोन अर्थ टोकं एकत्र येतात आणि शील्डमधून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहू लागतो. साध्या दोन वाहकांच्या केबलमध्ये, म्हणजे आरसीए (मधे पिन, भोवती कडं असलेला प्लग) किंवा मोनो जॅकमध्ये, तेच शील्ड सिग्नलची परतीची वाटही असते. शील्डच्या दोन टोकांमध्ये जेवढा दाब पडेल तेवढा थेट सिग्नलमध्ये मिसळतो.

किती? घरगुती लाइन लेव्हल, म्हणजे उपकरणांमधल्या सिग्नलचा नेहमीचा दाब, सुमारे ०.३१६ व्होल्ट. शील्डवर १० मिलिव्होल्ट पडले तर हम गाण्यापेक्षा फक्त ३० डेसिबल खाली. हे शांत खोलीत ठळक ऐकू येतं.

माउस हलवल्यावर येणारी कीर्रऽ हीही याच वाटेनं येते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड झटक्याझटक्यानं प्रवाह ओढतात, त्यामुळे लॅपटॉपच्या ग्राउंडवर बारीक धक्के बसतात आणि ते धक्के यूएसबीचं ग्राउंड, इंटरफेस, ऑडिओ केबलचं शील्ड, स्पीकर, अर्थ असं फिरतात. तेव्हा हम आणि कीर्रऽ यांना दोन वेगळे आजार समजून दोन औषधं आणू नका.

उपाय, स्वस्तातून महागाकडे

पहिला उपाय फुकटचा आहे. लॅपटॉप, इंटरफेस, मॉनिटर, स्पीकर सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि तो एकाच सॉकेटमध्ये लावा. वर्तुळ लहान झालं, दोन अर्थमधला फरक जवळपास संपला. ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर १३८० वॉट पेलतो. दोन छोटे स्पीकर, लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. त्याच बोर्डवर इस्त्री मात्र नको. स्वस्त बोर्डांत अर्थची पिन नुसती दिसायला असते, आत वायरच नसते. विकत घेताना मल्टीमीटरच्या बीपवर (जोडणी असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) प्लगची मोठी पिन आणि सॉकेटचं मोठं भोक जोडलेलं आहे का ते पाहा.

दुसरा उपाय खरा उपाय: बॅलन्स्ड जोडणी. इंटरफेसच्या मागं मोठे जॅक असतात, ते बहुतेक वेळा बॅलन्स्ड असतात. स्पीकरलाही एक्सएलआर (तीन पिनांची गोल जोडणी) किंवा तीन वाहकांचा जॅक असतो. मधली केबल मात्र दोन वाहकांची लावलेली असते, आणि सगळा घोळ तिथं. टिपवर दोन काळ्या रेघा असलेला जॅक घ्या. एकच रेघ असेल तर तो मोनो. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन वायरींतून जातो आणि शील्ड वेगळं राहतं. स्पीकर त्या दोन वायरींमधला फरक तेवढा घेतो, दोन्हींवर सारखी बसलेली हम बाजूला टाकतो. इनपुटनं ६० डेसिबलनं हम दाबली तर १० मिलिव्होल्टचे उरतात १० मायक्रोव्होल्ट.

इथं एक सापळा आहे. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओ केबल थेट स्पीकरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावू नका. स्पीकर डाव्या-उजव्यातला फरक वाजवतो आणि मध्यभागी असलेलं सगळं, म्हणजे गाणाऱ्याचा आवाजच, गायब होतो. मग लोक स्पीकर बिघडला म्हणून परत करायला जातात.

आउटपुट आरसीएच असेल आणि स्पीकरचं इनपुट बॅलन्स्ड, तर दोन वाहक अधिक शील्ड अशी माइकची वायर घेऊन केबल बनवून घ्या. लाल वाहक आरसीएच्या मधल्या पिनेपासून एक्सएलआरच्या २ नंबरला. काळा वाहक आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून ३ नंबरला. शील्ड फक्त एक्सएलआरच्या १ नंबरला डाग द्या, आरसीएच्या टोकाला कापून आकसणाऱ्या नळीत बंद करा. मात्र लॅपटॉप दोन पिनी चार्जरवर असेल तर शील्ड दोन्हीकडे जोडा, नाहीतर लॅपटॉपला अर्थचा आधारच उरत नाही आणि हम वाढते.

तिसरा उपाय, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ३.५ मिमी जॅकचे छोटे डबे ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावानं मिळतात. हम ते खरंच तोडतात. पण आतला गाभा बोराएवढा असतो, आणि खालच्या सुरांत जास्त सिग्नल आला की तो भरून जातो. डग्ग्याची घुमक फाटलेली किंवा पातळ ऐकू येते. ऑनलाइन मीटिंगला चालेल. तबला, पखवाज, बास गिटार ऐकून मिक्स करायला नाही. घ्यायचाच तर १० किलोओहम ला १० किलोओहम असा, निकेलच्या गाभ्याचा, लाइन लेव्हलसाठी बनवलेला घ्या. आणि तो लाइनवरच लावा. फँटमच्या (काही माइकना केबलमधूनच दिल्या जाणाऱ्या विजेच्या) ४८ व्होल्टच्या माइक केबलमध्ये किंवा अँप्लिफायरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीत हे डबे लावायचे नसतात.

चौथा, यूएसबी आयसोलेटर. कीर्रऽ मुळातच अडवायची तर हा रामबाण, पण विकत घेण्याआधी दोन आकडे बघा. एडीयूएम ३१६० किंवा ४१६० चिपवरची स्वस्त मॉड्यूल फक्त फुल-स्पीड, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट चालवतात. साधा दोन-आत दोन-बाहेर इंटरफेस ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर त्यात बसतो. पण ४८० मेगाबिटचाच आग्रह धरणारा इंटरफेस ओळखलाच जात नाही. दुसरा आकडा प्रवाहाचा: या मॉड्यूलवर बहुधा १ वॉटचा कन्व्हर्टर असतो, म्हणजे ५ व्होल्टवर २०० मिलीअँपिअर. फँटम चालू केलं की इंटरफेस बंद पडायचा.

स्पीकर किंवा अँप्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर हे काही करायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज नाही. वर्तुळच होत नाही.

फेराइटच्या मण्याबद्दल दोन वाक्यं. तो मेगाहर्ट्‌झमधल्या गोंधळावर काम करतो, रेडिओ ऐकू येणं, राउटरची चिरचिर. ५० हर्ट्‌झची हम त्याला दिसतही नाही. लावायचाच तर वायर त्यातून दोनदा काढा, परिणाम साधारण चौपट होतो.

अर्थची पिन कापू नका

‘मोठी पिन काढून टाक, हम जाते’ हा सल्ला सर्रास मिळतो. हम जाते हे खरं आहे, वर्तुळ तुटतं. पण उद्या स्पीकरच्या आत फेज धातूच्या खोक्याला टेकला, तर फ्यूज उडणार नाही. ते २३० व्होल्ट ऑडिओ केबलच्या शील्डमधून इंटरफेसला, तिथून माइकच्या जाळीला येतील, आणि गाणाऱ्याचे ओठ त्या जाळीला टेकलेले असतात. तीन पिनीला दोन पिनी करणारे अडॅप्टर हेही तेच काम. डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करणाऱ्या डब्यावरचं) ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण मात्र बिनधास्त वापरा. ते सिग्नलचं शील्ड तोडतं, सुरक्षेची अर्थिंग नाही.

उलट पुष्कळदा दुखणं अर्थिंग नसण्याचं असतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की झिणझिण्या येतात, आणि हात ठेवला की हम कमी होते? चार्जर दोन पिनी आहे किंवा सॉकेटला अर्थिंग नाही. चार्जरमध्ये वीज आणि आउटपुट यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो. त्यातून मिलीअँपिअरच्या अंशाएवढी गळती येते. अपायकारक नाही, पण पूर्ण लॅपटॉप त्यामुळे हवेत तरंगत राहतो आणि मल्टीमीटर त्याच्या अंगावर शंभरेक व्होल्ट दाखवतो. इथं साखळीत कुठंतरी एक पक्की अर्थ लागते. तीन पिनी मॉनिटर एचडीएमआयनं जोडला किंवा तीन पिनी स्पीकर दोन्हीकडे शील्ड असलेल्या केबलनं जोडला की काम होतं. चार्जरला तीन पिनी वायर बसत असेल तर तीच वापरा.

सॉकेट तपासायचं तर मल्टीमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. समोरून बघताना वर मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ साधारण ५ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ७० किंवा १२० असं काहीबाही, हलतं दिसलं तर अर्थची वायर कुठंही जोडलेली नाही. आणि न्यूट्रल-अर्थ सतत अगदी शून्य, भार टाकला तरी शून्य, असं जुन्या घरात दिसलं तर कुणीतरी सॉकेटमध्येच दोन्ही एकत्र बांधलेले असण्याची शक्यता आहे. हे जीवघेणं आहे: न्यूट्रल तुटला की सगळ्या उपकरणांच्या अंगावर फेज येतो. दोन्ही प्रसंगी सॉकेट स्वतः उघडू नका, लायसन असलेल्या वायरमनला बोलवा. आकडे बरोबर आले तरी मीटर फक्त दाब दाखवतो, अर्थिंग किती प्रवाह पेलेल ते नाही; ते मोजण्याचं यंत्र वायरमनकडे असतं.

डेस्कटॉप असेल तर

कॅबिनेटच्या पुढचा हेडफोन जॅक सोडा आणि मागचा वापरा. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डाच्या कोपऱ्यातून ग्राफिक्स कार्डच्या बगलेतून जाते आणि पुष्कळदा तिला शील्डही नसतं. मागचा जॅक चिपच्या शेजारीच. विंडोजच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये माइक बूस्ट २० किंवा ३० डेसिबल चढवलेला असेल तर तो शून्य करा, न वापरलेली इनपुट म्यूट करा. एवढ्यानं न भागल्यास मदरबोर्डावरच्या साउंडशी भांडत बसू नका, साधा यूएसबी इंटरफेस घ्या.

खोलीतले भुंगे

गोल फिरणारा, कुठंही थांबणारा पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीचा तुकडा कापतो, सेकंदाला १०० वेळा. त्या तीक्ष्ण कडा वायरींतून आणि हवेतूनही पसरतात. रेग्युलेटर पूर्ण वेगावर नेला किंवा पंखा बंद केला की भुणभुण थांबते का बघा. थांबली तर १ ते ४ किंवा ५ अशा टप्प्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. तो लहर कापत नाही.

लाइट गेल्यावरच भुणभुण सुरू होत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. त्या लहरीत १५०, २५०, ३५० अशा विषम सुरांची रांगच असते आणि स्पीकरचा ट्रान्सफॉर्मरही तिच्यावर घुमतो. बोर्डवर किंवा मॅन्युअलमध्ये साइन वेव्ह लिहिलेला इन्व्हर्टर लागतो. तोवर रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या बॅटरीवर, हेडफोन लावून.

ट्रान्सफॉर्मरवाला जड अडॅप्टर माइकच्या केबलपासून ३० सेंटीमीटर लांब ठेवा. विजेची आणि ऑडिओची वायर एकमेकींना ओलांडायचीच असतील तर काटकोनात. मोबाइल एक मीटर दूर किंवा एअरप्लेन मोडवर.

हम फक्त माइकच्या चॅनेलवर असेल तर माइक काढून पाहा. गेली तर केबल बीपवर तपासा: दोन टोकांच्या एक्सएलआर पिना १-१, २-२, ३-३ जोडलेल्या, एकमेकांशी कुठलाच नाही. केबल वाकवत तपासा, तुटकी वायर सरळ ठेवल्यावर शहाण्यासारखी वागते. ३ नंबर तुटला असेल तर आवाज बारीक होतो आणि हम वाढते. माइकच्या दांड्याला हात लावल्यावर हम बदलत असेल तर १ नंबर तुटलाय.

जे विजेचं नाही

सळसळ ही गेनच्या गणिताची गोष्ट. डायनॅमिक माइक फूटभर लांब ठेवून गेन ६० डेसिबलपर्यंत पिळला तर प्रीअँपची (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाची) सळसळ येणारच. चार बोटं अंतरावर या, गेन खाली आणा. स्पीकरचा आवाज पूर्ण आणि सॉफ्टवेअरचा अगदी खाली, ही उलटी मांडणीही तेच करते.

टकटक, तुटक तुटक असा आवाज आणि आलेखात ५० चा सुळका नाही? लहर मोठी करून बघा. मधे कापलेला तुकडा दिसला तर तो बफर (कम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा गठ्ठा) कमी पडल्याचा दोष. ६४ चा बफर २५६ करा. ४८ किलोहर्ट्‌झवर उशीर ५.३ मिलिसेकंद होतो. विंडोजचा पॉवर प्लॅन पूर्ण क्षमतेवर ठेवा, इंटरफेसचा मूळ ड्रायव्हर टाका. प्रोजेक्ट ४४.१ वर आणि इंटरफेस ४८ वर असं असेल तर दोन्ही एकावर आणा.

कुठं थांबायचं? एसीएक्सच्या (ऑडिबलच्या ऑडिओबुक मंचाच्या) ऑडिओबुकसाठी शांततेतला आवाज आरएमएस (एक प्रकारच्या सरासरीच्या) मोजणीत उणे ६० डेसिबलच्या खाली लागतो. ऑडॅसिटीत तोच गेन ठेवून पुन्हा ३० सेकंद घ्या. आकडा उणे ६५-७० च्या घरात आला आणि ५० चा सुळका आजूबाजूच्या गवतात बुडाला, की त्यापुढं रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू येतं तो छताचा पंखा असतो.